चक् आणि व्हो

“मी कुठं बोललो? मी तर निस्ता आवाज केला!” असं गुरुपादप्पा एकदा म्हणाले, आणि लातूरला औसा रोडवरच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात या वाक्यावरून पुढे पंधरा दिवस वाद चालला.

पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यांचं उभं आयुष्य आवाजातच गेलं होतं. औशाच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर त्यांची अकरा एकर काळी जमीन. चाळीस वर्षं ते दोन बैलांच्या मागे चालले. बैल बदलले, नावं बदलली नाहीत. डावीकडचा कायम हौशा, उजवीकडचा कायम हरण्या. एक हौशा म्हातारा झाला की दुसरा यायचा आणि त्याच नावाला मान हलवू लागायचा. या बैलांशी आप्पा फार बोलले नाहीत. जीभ टाळूला लावून सोडली की ‘चक्’ असा आवाज निघायचा, बैल चालू लागायचे. ‘व्हो’ म्हटलं की थांबायचे. चालायचं आणि थांबायचं, एवढंच काम असतं. मधलं सगळं माणसं उगाच बोलून वाढवतात.

बायको सिंधुबाई गेल्या त्या वर्षी आप्पांनी शेवटची जोडी रेणापूरच्या एका ओळखीच्या माणसाला दिली, जमीन चुलतभावाकडे बटईनं लावली आणि एक ट्रंक व बैलांना बांधायचा एक कासरा घेऊन ते लातूरला मुलाकडे आले. ट्रंक पलंगाखाली गेली. कासरा त्यांनी बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी सुनेनं तो ताणून बांधला आणि त्याच्यावर ओली साडी वाळत घातली. आप्पांनी साडी घडी करून आत ठेवली, कासरा सोडून पुन्हा खिळ्याला लावला. दोघांची ती पहिली चकमक.

मुलगा शिवप्रसाद एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असतं आणि उपाय माहीत नसतो. सून वर्षाराणी मुरुडची, लातूरलाच सरकारी कचेरीत नोकरीला. तिच्या टेबलावर आलेला कागद त्याच दिवशी पुढे जातो. सकाळी नऊला दोघंही बाहेर पडले की घरात उरायचे आप्पा आणि अडीच वर्षांची नात, शांभवी.

मग तिसऱ्या मजल्यावर नांगरट सुरू व्हायची.

सिंधुबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची एक पट्टी शांभवीच्या कमरेला, टोकं आप्पांच्या हातात. ‘चक्’ म्हटलं की ती बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत दुडूदुडू जायची. आप्पा मागून सांगायचे, “तासात चल, तासात!” फरशीच्या दोन फटींमधली पट्टी म्हणजे तिचं तास, नांगरामागे पडते तशी सरळ चरी. ‘व्हो’ म्हटलं की थांबायची. बैल उभा राहून थांबतो; शांभवी थांबायची ती धपकन बसून. आप्पांनी ते सुधारलं नाही. फ्रिजपाशी एक तास संपलं की वळून दुसरं धरायचं. दुपारपर्यंत अर्धा एकर निघत असावा.

हे सगळं उघडकीला आलं नोव्हेंबरात. वर्षाराणीनं एका बालशाळेत चौकशी केली होती. तिथल्या बाईंनी शांभवीला गोड आवाजात विचारलं, “व्हॉट इज युअर नेम, बेटा?”

“हौशा,” शांभवी म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारलं. शांभवीनं पुन्हा तेच सांगितलं आणि मान हलवून दाखवली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जानेवारीत पुन्हा या म्हणून सांगितलं.

घरी येऊन वर्षाराणीनं पर्स ठेवली. “आप्पा, तुम्ही माझ्या लेकीला बैल केलंय.”

“न्हाई गं,” आप्पा म्हणाले. “हरण्या करणार हुतो. तीच हौशा म्हणली.”

“मी चेष्टा करत नाही. जानेवारीपासून तिला दिवसभर शाळेत टाकते. नऊ ते सहा.”

आप्पांच्या हातातली शेंग हातातच राहिली. नऊ ते सहा म्हणजे अख्खा दिवस. लातूरला येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि या घरात त्यांच्या मालकीचं जे काही होतं ते त्या नऊ ते सहामध्ये होतं.

शिवप्रसाद मध्ये पडला. डिसेंबरच्या शेवटी त्याला आठ दिवस सुट्टी होती, आणि क्लासमधल्या दुसऱ्या मास्तरनं मुलाला बर्फावर घसरायला शिकवल्याचा व्हिडिओ त्यानं पाहिल्यापासून त्याच्या मनात काहीतरी वितळत होतं. नांदेडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याबरोबर त्यानं मनालीची सहल ठरवली होती. “आठ दिवस बघू,” तो म्हणाला. “आप्पांनी तिला हाकलं नाही आणि ती आपलं नाव नीट सांगायला लागली, तर जूनपर्यंत शाळा अर्धा दिवस. बाकी आप्पांजवळ.”

“आणि हाकलं तर?” वर्षाराणीनं विचारलं.

“तर पूर्ण दिवस.”

तिनं आप्पांकडे पाहिलं. “शब्द देता?”

“दिला,” आप्पा म्हणाले. शब्द देणं त्यांना सोपं जायचं. वापरलेले नसल्यामुळे त्यांच्याकडे बरेच शिल्लक होते.

नांदेडहून अमृतसरची गाडी, मग दिल्लीहून छोटी बस. बसमध्ये सगळी आपल्याकडचीच माणसं. पुढच्या सीटवर नांदेडचे रेणुकादास वकील आणि त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई. पहाटे सगळे झोपेत असताना आप्पांना जाग आली. त्यांनी काच पुसून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, उतारांवर, छपरांवर, झाडांवर पांढरं पसरलं होतं. असं पांढरं रान त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला, वीस मिनिटांत. ते उठून दांड्याला धरत ड्रायव्हरपाशी गेले.

“भाऊ, इत्ती गारपीट हुई. पंचनामा हुआ क्या?”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. “पंचनामा? किसका? कौन मर गया?”

“हरभरा,” आप्पा हळहळून म्हणाले. “समदा गया होगा.”

“कौन हरभरा? किस गाड़ी में था?”

तोवर शिवप्रसाद जागा होऊन पुढे आला. “आप्पा, बसा. या गारा नाहीत, बर्फ आहे. दरवर्षीच पडतो.”

“दरसाल?” आप्पा म्हणाले. “आन् माणसं तरी हितंच ऱ्हातेत?”

उजाडल्यावर त्यांनी ते पांढरं नीट निरखलं. कुठंच काही पेरलेलं नव्हतं. कोरा सातबारा. एवढी जमीन पडीक, आणि तिच्यावर घसरायला माणसं रांगा लावून उभी. धोतरावर भाड्याचा जाड कोट आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, कपाळावर विभूती, अशा वेशात आप्पा खाली उतरले. वाकून त्यांनी चिमूटभर बर्फ उचलला, बोटांत चुरडला, वास घेतला आणि जिभेवर ठेवला.

“कसाय?” वकिलांनी विचारलं.

“भुसभुशीत हाय,” आप्पा म्हणाले. “पर कस न्हाई.”

शांभवीला शिकवणारा माणूस पन्नाशीचा, तिथलाच, उन्हानं भाजलेल्या गालांचा. आप्पा त्याला पहिल्या मिनिटापासून मास्तर म्हणू लागले. मास्तरनं शांभवीच्या बुटांना हातभर लांबीच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या. मग तिच्या कमरेला आणि खांद्यांना एक पट्टा अडकवला. त्या पट्ट्याला मागे दोन लांब नाड्या होत्या. त्या हातात धरून तो तिच्या मागे उभा राहिला.

आप्पांचे डोळे मोठे झाले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून दुसरीकडे पाहत होती.

“हा तर...” आप्पांनी सुरुवात केली.

“आप्पा,” वर्षाराणी म्हणाली.

आप्पा उताराच्या पायथ्याशी एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर जाऊन बसले आणि त्यांनी तोंडावर हात धरला. शेजारीच एक मॅगीवाला होता. त्याच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं सारखं उकळत असे, त्यामुळे तिथं जरा ऊब होती.

पुढचे तीन दिवस त्यांनी तोंडावरचा हात काढला तो जेवायलाच. धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाली की हात पुन्हा जागेवर. समोर जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. मास्तर म्हणायचा, “चलो बेटा!” शांभवी बसकण मारून बर्फ खायची. मास्तर ढकलायचा, मग ती घसरायची आणि थांबायचं नाव घ्यायची नाही. थांबायचं म्हणजे दोन्ही पट्ट्यांची टोकं जवळ आणायची आणि मागची बाजू फाकवायची, तिकोनी आकार करायचा. लहान मुलांना हे कळावं म्हणून त्या लोकांनी एक युक्ती काढली होती.

“पिज़्ज़ा बनाओ, बेटा! पिज़्ज़ा!”

शांभवीला पिझ्झा माहीत होता. औसा रोडवर मिळतो. तिनं दोन्ही हात पुढे केले. पिझ्झा आला नाही. ती रडू लागली. मास्तर पुन्हा म्हणाला, पिझ्झा. तिनं आणखी मोठा सूर काढला. एखाद्या लेकराला दिवसातून चाळीस वेळा पिझ्झा देतो म्हणायचं आणि द्यायचा नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत, असं आप्पांना वाटत होतं. पण हात तोंडावर होता.

शिवप्रसाद मोबाइल धरून उभा होता. “घर्षण, शांभवी, घर्षण वाढव,” तो म्हणत होता.

तीन दिवसांत व्हिडिओत घेण्यासारखं काही झालं नाही. पण शांभवी आपलं नाव मात्र स्वच्छ सांगू लागली. बसमध्ये कुणीही विचारलं की “शांभवी शिवप्पशाद!” वर्षाराणी खूश होती. रात्रीच्या जेवणाला तिनं आपल्या हातानं आप्पांच्या ताटात दुसरी पोळी वाढली. आप्पांनी मनातल्या मनात जूनपर्यंतचे दिवस मोजले.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. बर्फाचा वरचा थर रात्रीत घट्ट झाला होता. मास्तरनं शांभवीला जरा वर नेलं, वळवून उभं केलं आणि हातमोजा नीट करायला म्हणून नाड्या एका हातात घेतल्या. त्या सुटल्या.

फार वेग नव्हता. रिकाम्या बैलगाडीचा असतो तेवढा. पण तिच्या पट्ट्यांची टोकं सरळ त्या मॅगीवाल्याकडे रोखलेली होती, आणि त्याच्या शेगडीवरचं पातेलं अगदी तिच्या तोंडाच्या उंचीवर होतं. वर्षाराणी धावली आणि चौथ्या पावलाला गुडघाभर रुतली. शिवप्रसाद मोबाइल धरून तसाच राहिला. मास्तर वरून ओरडला, “पिज़्ज़ा! पिज़्ज़ा!” ते ऐकून शांभवीनं आशेनं दोन्ही हात वर केले आणि ती आणखी सरळ निघाली.

आप्पा खोक्यावरून उठले. तोंडावरचा हात खाली आला.

“व्होऽऽऽ!”

अकरा एकरांच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाणारा आवाज होता तो. तीन वर्षं फ्लॅटमध्ये अर्धाच काढलेला. समोरच्या डोंगरानं तो परत पाठवला.

शांभवी धपकन बसली. पट्ट्या वर झाल्या, बूड बर्फात रुतलं, आणि शेगडीच्या चार हात अलीकडे ती थांबली.

तिच्याबरोबर आणखीही काही थांबलं. घसरत येणारे रेणुकादास वकील जागच्या जागी ताठ झाले आणि आडवे झाले. त्यांचं लहानपण मामाच्या शेतात गेलं होतं. लग्नाचा फोटो काढून घेणारं उदगीरचं जोडपं थांबलं. त्यांचा फोटोवालाही थांबला.

सौदामिनीबाई नवऱ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. “तीस वर्षं झाली,” त्या वकिलांना म्हणाल्या, “माझं एकदा असं ऐकलं नाहीत.”

वर्षाराणी कशीबशी खाली पोचली. तिनं लेकीला उराशी धरलं, हात-पाय चाचपले, बर्फ झटकला. मग आप्पांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आप्पा,” ती म्हणाली, “हे धरत नाही मी. हे माफ.”

इथंच जर आप्पा परत खोक्यावर बसले असते, तर त्यांची गोष्ट सरळ झाली असती. पण मास्तर धावत आला होता. त्यानं आप्पांचे दोन्ही हात धरले. “बाबाजी, ये कौन सी ट्रिक है? क्या बोला आपने?”

“बोल्या नै, मास्तर. आवाज किया. तुम उसकू पिज्जा पिज्जा नको बोलो, बच्ची भुकी होती.” आणि मग, सहज बघावं तसं, त्यांनी जमिनीवर पडलेल्या त्या दोन नाड्या उचलल्या. नाड्या हातात आल्यावर हाताला आपलं जुनं काम आठवलं. आप्पांनी शांभवीला उताराच्या मध्यापर्यंत नेलं. तिच्यामागे उभे राहिले. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात जून नव्हता, शाळा नव्हती, शब्द नव्हता. पुढे एवढं कोरं रान, हातात दोर आणि दोराच्या टोकाला आपलं जनावर.

“चक्.”

शांभवी निघाली. पाठ सरळ, तोंडभर हसू. मागून भाड्याच्या बुटांत, धोतराचा सोगा उडवत आप्पा. “तासात, तासात!” बर्फावर तिच्या पट्ट्यांच्या दोन रेघा उमटत गेल्या, एकदा वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. ‘व्हो’. धप्. ‘चक्’. पुन्हा निघाली. सगळा उतार टाळ्या वाजवत होता. शिवप्रसादला अखेर त्याचा व्हिडिओ मिळाला, आणि त्यात सगळ्यांत मागे कमरेवर हात ठेवून उभी असलेली वर्षाराणीही आली.

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात निवाडा झाला. वकील आपणहून आप्पांच्या बाजूनं उभे राहिले, कंबर दुखत असूनही.

“व्हो माफ,” वर्षाराणी म्हणाली. “चक् नाही. आप्पांनी शब्द मोडला.”

“मी कुठं बोललो?” आप्पा म्हणाले. “मी तर निस्ता आवाज केला!”

“बरोबर आहे,” वकील म्हणाले. “शब्द मोडायला शब्द तरी पाहिजे. चक् हा शब्दच नाही. कोणत्याही कोशात दाखवा. तो लिहितासुद्धा येत नाही नीट.”

“वकीलसाहेब,” वर्षाराणी म्हणाली, “त्या आवाजाला अर्थ नाही म्हणता?”

“नाही.”

“मग शांभवी त्याच्यावर चालायला कशी लागते?”

वकिलांनी पाण्याचा ग्लास उचलला. सौदामिनीबाई हसू दाबायला ताटावर वाकल्या. तेवढ्यात आप्पांनी दातात अडकलेला भाताचा कण जिभेनं काढला, ‘चक्’ असा आवाज झाला, आणि शांभवी आईच्या मांडीवरून उतरून चालू लागली. जेवणघरातला खटला तिथंच संपला. निकाल पूर्ण दिवस; वाद मात्र लातूरपर्यंत सोबत आला.

निघायच्या दिवशी बस वळणावर आली तेव्हा वरच्या उतारावरून मास्तरचा आवाज ऐकू आला. दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकराला तो ओरडून सांगत होता, “व्हो बेटा, व्हो!”

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी शाळेत जायचं होतं. लेकराला सांभाळणारं माणूसही सोबत हवं, असा शाळेचा नियम, म्हणून आप्पांना नेणं भाग होतं. “आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही,” वर्षाराणीनं जिन्यातच बजावलं. आप्पांनी मान हलवली. निघण्यापूर्वी ती बाल्कनीचं दार लावायला गेली होती. खिळा रिकामा होता. पलंगाखालची ट्रंक पुढे ओढलेली होती आणि तिच्या झाकणातून कासऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. दिवसभर रिकाम्या घरात बसून आप्पा काय करणार, याचं उत्तर त्या टोकात होतं: ते गावी परतायला निघाले होते. तिनं दार लावलं.

शाळेच्या बाईंनी विचारलं, “व्हॉट इज युअर नेम?”

“शांभवी शिवप्पशाद!”

“व्हेरी गुड!” बाईंनी अर्ज वर्षाराणीपुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन होते, ‘अर्धा दिवस’ आणि ‘पूर्ण दिवस’. “तुम्ही भरा तोवर मी सांगते,” म्हणून बाई सांगू लागल्या. त्या लेकरांच्या वाढीबद्दल बोलल्या, मग हातांच्या बोटांबद्दल, मग रंग, आकार, शिस्त, डबा, पालकसभा. शिवप्रसाद पाय हलवत ऐकत होता. आप्पा भिंतीजवळच्या लहान मुलांच्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसले होते. वर्षाराणीनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. बाई शाळेच्या ध्येयावर आल्या होत्या. शांभवीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“व्हो!” ती म्हणाली.

बाई थांबल्या. वाक्याच्या मधेच, तोंड उघडं. शिवप्रसादचा पाय थांबला. वर्षाराणीनं आपल्या हाताकडे पाहिलं. पेन ‘पूर्ण दिवस’च्या चौकोनावर, कागदापासून जवभर वर थांबलं होतं. मुरुडला वडिलांच्या औतामागे भाकरी घेऊन जाताना लहानपणी तिनं हजार वेळा ऐकलेला शब्द. डोक्याला कळायच्या आत तो हाताला कळला होता. ती पेनाकडे बघत राहिली आणि तिला हसू फुटलं. मग तिनं पेन दोन बोटं डावीकडे नेलं आणि खूण केली.

“अर्धा,” ती बाईंना म्हणाली. “नऊ ते बारा. बारानंतर तिला दुसरी शाळा आहे.”

बाईंना काहीच कळलं नव्हतं. त्या आप्पांकडे वळल्या. “आजोबा, हे काय म्हणाली ती? तुम्ही शिकवलंत का?”

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं भुवया उंचावल्या. जिन्यातली अट अजून उठलेली नव्हती.

आप्पा त्या खुर्चीतून टप्प्याटप्प्यानं उठले. टोपी सारखी केली. बाईंना हात जोडले. दारापाशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, त्यांनी जीभ टाळूला लावली आणि सोडली. शांभवी खुर्चीवरून घसरून खाली आली आणि फरशीच्या दोन फटींमधून सरळ दाराकडे निघाली.

“अहो आजोबा, काहीतरी बोला की!” बाई म्हणाल्या.

आप्पा एक शब्द न बोलता बाहेर पडले.